उजेडात न्हालेला मका

सायलस मंगिनला एखादं चांगलं वाक्य ऐकू आलं की त्यापुढचं काही ऐकू येत नसे. ही त्याची जन्माची खोड. समोरचा बोलत राही आणि सायलस मनातल्या मनात त्या वाक्याला चाल लावत बसे. त्याची बायको मर्टल तर म्हणायची, "ह्याला घराला आग लागल्याचं सांगायचं असेल ना, तर रुक्ष सांगा. तोंडातून 'ज्वाळा' असा शब्द गेला तर हा ताल धरेल, आणि घर जाईल."

तो पाइन हॅमक बेटावरच्या प्रार्थनाघराचा डीकन होता. शेगडी पेटवणं, घंटा वाजवणं, छपराची डागडुजी करणं आणि रविवारी गाण्याची पहिली ओळ टाकणं, ही सगळी कामं त्याच्याकडे. पहिल्या तिन्हींत तो यथातथाच होता. चौथ्यात मात्र त्याच्या तोडीचा माणूस सगळ्या किनाऱ्यावर शोधून सापडला नसता. त्यानं ओळ टाकावी, मंडळींनी ती उचलावी, मागच्या भिंतीशी काठीचा ठोका फळ्यांवर पडावा, आणि पुढच्या बाकावरच्या बायकांनी भोपळ्यांचे खुळखुळे हलवायला घ्यावेत. रेव्हरंड पोलाइट उपदेशाला उभे राहत ते साधं घरगुती बोलत. मग हळूच त्या बोलण्याला झोका येई, झोक्याला सूर लागे, आणि बोलणं कुठे सरलं नि गाणं कुठे लागलं हे एका देवालाच ठाऊक. सायलसच्या लेखी स्वर्ग म्हणजे असाच एक रविवार, ज्यात जेवणाची सुट्टी नाही.

"मग मी नाही बाई येणार तिथं," मर्टल म्हणे.

तिचंही खरंच होतं. जेवण म्हणजे भरड. सकाळी पांढऱ्या मक्याची भरड चुलीवर रटरटली नाही असं घर बेटावर नव्हतं. वर कोळंबी असो, नाहीतर नुसता लोण्याचा गोळा. आणि पांढरा मका म्हणजे सगळ्या बेटाच्या आत्याचा, एव्हलिना आत्याचा मका. तिच्या पणजीनं गुलामी सुटली त्या साली तो पहिल्यांदा स्वतःच्या जमिनीत पेरला होता. तेव्हापासून बेटावर दुसरा मका कुणी पेरला नाही, आणि एव्हलिना आत्याला न विचारता पहिला दाणा कुणी जमिनीत टाकला नाही. आत्याची पंच्याऐंशी उलटली होती, पण बोट दाखवून "तिथं नको, इथं" म्हणाली की धट्टीकट्टी माणसं मुकाट्यानं इथं यायची.

तीन वर्षांमागे मात्र घात झाला. कणसं भरायच्या वेळी पावसानं दगा दिला आणि काढणीच्या वेळी हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. कोठारातल्या मक्यावर हिरवट-पिवळी भुकटी धरली. लोकांनी ती झटकली आणि मका कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनी माना टाकल्या. डुकरं खाणं सोडून कोपऱ्यात उभी राहू लागली. शेतकी खात्याचा माणूस बोटीनं आला, दाणे तपासून म्हणाला, "ही भुकटी म्हणजे बुरशी, आणि बुरशीनं विष सोडलंय. माणसाच्या यकृतावर बसतं ते. शिजवून जात नाही, भाजून जात नाही, झटकून तर नाहीच नाही." आढ्यावरच्या बियाण्यासकट सगळा मका जाळावा लागला. चक्कीला कुलूप लागलं, आणि बेटावरची माणसं दुकानातली पाकिटबंद भरड खाऊ लागली. एव्हलिना आत्यानं ती एकदाच चाखली आणि म्हणाली, "समुद्रकाठची वाळू फुकट मिळत असताना ही विकत कशाला आणता?"

वाचली होती ती आत्याच्या चुलीवर धुरात टांगलेली मूठभर कणसं. त्यांतून पहिल्या साली परसभर मका झाला, दुसऱ्या साली बेटभर. आता त्याला पुन्हा बुरशी लागू द्यायची नाही, असा सगळ्यांनी पण केला. पण बेटावरची हवा कुणाच्या पणाला भीक घालते? थंडी असते तोवर बुरशी निजून असते. उन्हाळा चढला, दमट वारं सुटलं, की ती उठतेच.

सायलसनं मुख्य भूमीवरच्या एका सभेत किरणांनी धान्यातली बुरशी मारतात असं ऐकलं, आणि तो सरळ त्या किरणघरातच जाऊन धडकला. महामार्गाच्या कडेची लांबलचक शेड. आतून मसाले जात, आंबे जात, जनावरांचं खाद्य जाई. तिथली प्रमुख डेल्फीन चिझम. तिची आजी पलीकडच्याच बेटावरची, त्यामुळे तिनं सायलसला पाहुण्यासारखं बसवून घेतलं.

"विजेपासून केलेले किरण असतात, डीकनकाका. बंद पोतं पट्ट्यावरून आत जातं, किरणांखालून सरकतं, पलीकडे बाहेर येतं. बुरशी मरते, तिची डोळ्यांना न दिसणारी बीजंसुद्धा मरतात. मग ते पोतं उघडेपर्यंत आत नवी बुरशी शिरायला वाट नाही."

"आणि विष?"

"तिथंच तर मेख आहे. बुरशी मरते, पण तिनं आधीच सोडलेलं विष मरत नाही. चोर पकडला म्हणून मोडलेलं कुलूप सांधत नाही ना, तसं. तेव्हा मका आधीच निवडलेला आणि खणखणीत वाळलेला आणा. आम्ही पुढचं राखू, मागचं धुऊन देणार नाही."

सायलसला हे फार पटलं. रेव्हरंड पोलाइट दर रविवारी वेगळं काय सांगत होते?

"आणि मक्यात मागे काही राहत नाही ना बाई? त्या किरणांचं?"

डेल्फीन हसली. "खोलीतला दिवा मालवला, काका, की उजेड खोलीत साठून राहतो का?"

झालं. दिवा मालवला, उजेड राहतो का! सायलसचा पाय आपोआप जमिनीवर ठोका धरू लागला. पहिली ओळ खालच्या सुरात, 'राहतो का' वर किंचित हेलकावा, मग मंडळींनी उचलायचं... डेल्फीन पुढेही काहीतरी सांगत होती, बोट उगारून सांगत होती, आणि सायलस अगदी मनापासून मान डोलावत होता. तिला वाटलं, काकांना सगळं समजलं.

थंडीभर बेट कामाला लागलं. मका ताडपत्र्यांवर उन्हात पडला. मर्टलच्या ओट्यावर बायका जमून दाणा दाणा निवडत. डागाळलेला, सुरकुतलेला, किड्यानं टोचलेला बाजूला. बाटलीत दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर मका पुन्हा उन्हात. मग जाड पिशव्यांत भरून तोंडं चिकटवून टाकायची. मका न्यायची पाळी फेब्रुवारीअखेर आली.

बियाण्याचा मका मात्र ह्या सगळ्यात नव्हता. तो कापणीच्या सणापासून पेरणीपर्यंत कणसांसकट प्रार्थनाघराच्या आढ्याला टांगलेला असे. शेगडीचा धूर त्याला लागे आणि रविवारचं गाणंही लागे. एकाच्या घरात सगळ्यांचं बी नको, देवाच्या घरात असावं, असा बेटाचा रिवाज होता, आणि राखण डीकनकडे.

निघायच्या आदल्या दिवशी सायलस प्रार्थनाघरात गेला, आणि वर बघतो तो धुराड्याजवळच्या कणसावर हिरवट ठिपका! छपरातून थेंब झिरपून आला होता. ते छप्पर नाताळाआधी नीट करतो, असं त्यानं एव्हलिना आत्याला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. ते कणीस त्यानं शेगडीत टाकलं, दार लावून घेतलं, आणि दुपारभर बसून बाकीची सगळी कणसं सोलली. दाणे स्वच्छ होते. मिठाच्या बाटलीतही खरे उतरले. पण मनातली भीती काही जाईना. आणि मग त्याला, त्याच्या मते, देवानंच सुचवलं. खायच्या मक्याला उजेड, आणि ज्यातून सगळा मका जन्मायचा त्या बियाण्याला अंधार? हा कुठला न्याय? त्यानं बियाणं वेगळ्या पिशवीत भरलं, आणि कुणालाही, अगदी मर्टललाही, काही बोलला नाही. आत्याला पेरणीच्या दिवशीच सांगू. म्हातारी हरखून जाईल!

किरणघरात त्या दिवशी डेल्फीन नव्हती. पट्ट्यापाशी एक गंभीर चेहऱ्याचा माणूस होता. सगळी पोती जाऊन आल्यावर सायलसनं वेगळी पिशवी पुढे केली.

"ही दोनदा घाला, भाऊ."

"दोनदा? एकदा पुरतं, काका."

"पुरतं हो. पण ही खास आहे."

"गरज नाही, म्हणतोय मी."

"गरज नाही, हौस आहे," सायलस म्हणाला. त्या माणसानं खांदे उडवले आणि पिशवी दोनदा जाऊन आली.

परतताना फेरीबोटीवर सायलस नवं गाणं इतक्या मोठ्यानं गात होता की पाणकोळी पक्ष्यांनी पाण्यावरचे खांब सोडले. घरी आल्या आल्या त्यानं छपरावर चढून पत्रा ठोकला. मर्टल खालून बघत होती. "हे काय? नाताळ आला वाटतं?"

मग चक्कीचं कुलूप निघालं. पहिल्या दळणाची भरड एव्हलिना आत्यापुढे ठेवली. तिनं चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि सगळे श्वास रोखून उभे राहिले.

"मीठ कमी आहे," आत्या म्हणाली. मग वाडगा पुढे केला. "आण आणखी."

मार्च लागला. दमट वारं सुटलं. दर वर्षी ह्या दिवसांत कोठारातून कुबट वास यायचा. ह्या वर्षी आला तो मक्याचा गोड वास. कोंबड्या अंगणात उंडारत होत्या, डुकरं कुंपण मोडत होती, म्हणजे सगळं क्षेम होतं. सायलस छाती काढून हिंडत होता. आणि अशातच डेल्फीनचा फोन आला.

"मका कसा आहे, डीकनकाका?"

"बाई, तुमच्या उजेडावर मी गाणं केलंय! ऐकवू?"

"ऐकवा हो, पण मागाहून. आमचा पट्ट्यावरचा माणूस म्हणत होता, तुम्ही एक पिशवी दोनदा घालायला लावलीत. काय होतं त्यात?"

"बियाणं," सायलस अभिमानानं म्हणाला.

पलीकडे डेल्फीननं कपाळावर हात मारला, तो त्याला फोनमध्ये ऐकू आला.

"काका, मी सांगितलं होतं ना, काय वाटेल ते आणा, फक्त बियाणं आणू नका?"

"कधी?"

"दिव्याचं बोलले, त्याच्या पाठोपाठ. तुम्ही मान डोलावत होतात."

सायलस खाली बसला. खाली खुर्ची नव्हती, पायरी होती, म्हणून वाचला.

"किरणांना बुरशीचा जीव कुठला आणि मक्याचा कोंब कुठला, हे ओळखू येत नाही हो," डेल्फीन हळू आवाजात सांगत होती. "तो मका खायला उत्तम आहे. दळा, खा, कोंबड्यांना घाला. पण पेरू नका. उगवणार नाही."

सायलसचा विश्वास बसेना. त्यानं पिशवीतले थोडे दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवले. दाणे फुगले. मग एका सकाळी फडकं उलगडतो तो काय! प्रत्येक दाण्याच्या टोकाशी इवलंसं पांढरं मूळ!

"मर्टल! मर्टल! उगवलं गं! त्या बाईला काय ठाऊक!"

मर्टलला त्यानं सगळं सांगितलेलं होतं, आणि तिनंही एकदा त्याला हवं ते सुनावून झालं होतं. तिनं चष्मा लावून बघितलं. "अजून बघू," एवढंच म्हणाली.

बघितलं. दुसऱ्या सकाळी मूळ तेवढंच. तिसऱ्या सकाळीही तेवढंच. मग ते तांबूस पडलं आणि वाळलं. गाण्याची पहिली ओळ टाकावी, आणि सगळ्या मंडळींतून कुणी ती उचलूच नये, तसे ते दाणे फडक्यावर गप्प पडून होते. सायलसनं फडकं मिटलं. बेटावर पांढऱ्या मक्याचा पेरता येईल असा एक दाणा उरला नव्हता, आणि तो घालवणारा तोच होता, बियाण्याचा राखणदार.

"आत्याला सांग," मर्टल म्हणाली. "लोकांकडून कळलं तर ती तुला कधी क्षमा करणार नाही. तुझ्याकडून कळलं, तर निदान शंभर वर्षांनी करेल."

त्या रविवारी प्रार्थनाघराच्या अंगणात गुलाबी कळ्यांची झाडं फुलून गेली होती. ही फुलं गळायला लागली की पेरणी. एव्हलिना आत्या निळी टोपी घालून, मांडीवर आपला खुळखुळा ठेवून बाकावर बसली होती. सायलस टोपी हातात घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"आत्या, जरा बोलायचं होतं."

"बोल की. छप्पर झालं म्हणे?"

"झालं, आत्या."

"म्हणून बियाणं आढ्यावरून उतरवून ठेवलंस होय? मी म्हटलं, कणसं दिसत नाहीत ती. शहाणा रे बाबा! उगाच लोक तुला वेंधळा म्हणतात." आणि तिनं प्रेमानं त्याच्या हातावर थोपटलं. "मंगळवारी पेरू या. ह्या खेपेला पहिला दाणा तू टाक."

तेवढ्यात रेव्हरंड पोलाइट म्हणाले, "घंटा, डीकन." आणि तो घंटेकडे पळाला, जन्मात कधी इतक्या आनंदानं पळाला नसेल.

पण देवाच्या घरातून पळून माणूस जाणार कुठे? रेव्हरंडनी त्या दिवशी नेमका विषय घेतला कोठाराचा. सुरुवात साधीच झाली. घराला कोठार असतं, तसं मनालाही असतं. मग झोका आला.

"वर वर बघितलं, तर सगळं गोजिरं!"

"गोजिरं!" मंडळी म्हणाली.

"हात घालून बघ की भावा, तळाशी काय!"

"तळाशी काय!"

"अंधारात ठेवशील तर वाढत जाईल!"

"वाढत जाईल!"

"उजेडात आण रे, उजेडात आण!"

काठी फळ्यांवर दणदणत होती, खुळखुळे छुक-छुक करत होते, आणि सायलस ताडकन उभा राहिला. तो आपण होऊन उठला की त्याला कुणी उठवलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं तोंड उघडलं, आणि सवयीप्रमाणे सूरच निघाला.

"माझ्या हातून चूक झाली हो!"

"सांग रे सांग!" मंडळी आनंदानं म्हणाली. डीकन इतक्या रंगात आलेला कुणी बघितला नव्हता.

"राखायला दिलं, ते मी नाही राखलं!"

"नाही राखलं!"

"बियाणं नेलं मी किरणांखाली!"

"किरणांखाली!"

"दोनदा घातलं हो, दोनदा घातलं!"

"दोनदा घा..." आणि इथं मंडळींचा सूर एकेक करून गळाला. कुणाला आधी समजलं, कुणाला मागून. किरणांखालून गेलेलं बी उगवत नाही, ही डेल्फीनची गोष्ट आता बेटावर पुष्कळांना ठाऊक होती. तिनं शेतकी सभेत ती सगळ्यांनाच सांगितली होती. काठी थांबली. एव्हलिना आत्याचा आवाज आला.

"कितीदा?"

"दोनदा, आत्या."

"एकदा माणसाच्या हातून होऊन जातं, सायलस. दोनदा?"

"मला वाटलं, जास्त आशीर्वाद लागेल."

मागच्या बाकावर कुणाला तरी हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात दडवलं. आत्या हसली नाही. "माझ्या पणजीनं हे दाणे मालकाच्या शेतातून अंबाड्यात खोवून आणले होते," ती म्हणाली. "घोड्यावरचे राखणदार शोधत होते, त्यांना सापडले नाहीत. आणि तू ते मोटारीत घालून, स्वतः नेऊन दिलेस." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर सायलसला बरं वाटलं असतं.

तीस वर्षांच्या उपदेशात रेव्हरंड पोलाइटांना असा प्रसंग आला नव्हता. तेव्हा त्यांनी बेटावरची माणसं करतात तेच केलं; तोंड मिटून एक जुना, खालचा सूर धरला. मंडळींनी तो उचलला. काठीनं हळू ठोका दिला. एव्हलिना आत्याचे डोळे भरून वाहत होते, पण ऐंशी वर्षांची सवय हाताला होती. हात आपोआप हलला, आणि खुळखुळा बोलला.

छुक. छुक-छुक.

सायलसनं मान वर केली.

त्याला छपरातला थेंब ऐकू येत नसे, बायकोची हाक ऐकू येत नसे, बोट उगारून सांगितलेली ताकीद ऐकू येत नसे. पण सूर आणि ताल त्याच्या कानातून कधी निसटला नव्हता. त्यानं तो आवाज ऐकला, आणि आत काय वाजतंय हे त्याला लख्ख दिसलं.

"थांबा!" तो ओरडला. "थांबा! हलवू नका!"

आता बेटावर भर उपदेशात माणूस असा ओरडला, की त्याचा एकच अर्थ होतो: त्याच्या अंगी पवित्र आत्मा उतरला. त्या बिचाऱ्याला क्षमा मिळाली, असंच सगळ्यांना वाटलं. गाणं एकदम उसळलं. काठी दणाणली. पुढच्या बाकावरच्या बायका उभ्या राहून सगळ्या जोरानं खुळखुळे हलवू लागल्या.

"नका! फुटतील! देवासाठी थांबा!"

"देवासाठी!" मंडळी गर्जली.

सायलस बाकांवरून उडी मारून एकीच्या हातातला खुळखुळा हिसकायला गेला, तर तिनं त्याला मिठीच मारली. तो एव्हलिना आत्याकडे वळला, तर आत्यानं खुळखुळा त्याच्याच डोक्यात घातला. ह्या सगळ्या गदारोळावर मर्टलचा खणखणीत आवाज चढला.

"सायलस मंगिन! रुक्ष बोल!"

सायलसनं श्वास घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, ताल नाही, सूर नाही, असं एक वाक्य बोलला.

"भोपळ्यांत मका आहे."

हलते हात थांबले. एव्हलिना आत्यानं हातातल्या खुळखुळ्याकडे बघितलं. दर कापणीच्या सणाला पहिला मान देवाच्या गाण्याचा, म्हणून नव्या मक्यातले सगळ्यात टपोरे दाणे ती आपल्या हातानं निवडायची आणि खुळखुळ्यांत भरायची. खायच्या मक्याच्याही आधी, बियाण्याच्याही आधी. तिच्या आईनं तसं केलं होतं. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिनं भोपळ्याच्या देठाकडचं लाकडी बूच उपटलं आणि मांडीवरच्या रुमालात खुळखुळा उपडा केला. पांढरी धूळ पडली. चुरा पडला. आणि मग दाणे. काही तडकलेले, काही टवके उडालेले. पण कितीतरी धडधाकट, टपोरे, दातांसारखे पांढरे. हळूहळू सगळेच खुळखुळे तिच्या मांडीशी आले. बायकांनी चष्मे लावले, आणि पुढच्या बाकावरच निवडणं सुरू झालं.

"मग आजचा उपदेश इथंच..." रेव्हरंड चाचरत म्हणाले.

"इथंच कशाला?" आत्या मान वर न करता म्हणाली. "चालू द्या की. निवडायला बरं पडतं."

त्यातले थोडे दाणे आत्यानं ओल्या फडक्यात घातले, आणि फडकं स्वतःच्या घरी ठेवलं. सायलसला दारात उभं राहायची परवानगी नव्हती. तो कुंपणाबाहेरून येता-जाता रेंगाळे, आणि आत्या खिडकीचा पडदा ओढून घेई. काही दिवसांनी ती काठी टेकत टेकत त्याच्या ओट्यावर आली, आणि फडकं उलगडलं. मुळं बोटभर लांबली होती. आणि जवळजवळ प्रत्येक दाण्यातून हिरवा कोंब सरळ वर आला होता. टाकलेली ओळ उचलली गेली होती.

सायलस रडला. मर्टल रडली. आत्या म्हणाली, "पुरे. फडकं आधीच ओलं आहे."

मग ती बसली आणि शिक्षा सांगितली. खुळखुळे आता रिकामे. कापणीपर्यंत त्यांत दाणा पडायचा नाही. आणि खुळखुळ्यांवाचून उपदेश रंगायचा नाही. तेव्हा सायलसनं पुढच्या बाकावर, तिच्या शेजारी बसायचं, आणि कापणीपर्यंत खुळखुळ्याचं काम तोंडानं करायचं.

तो उन्हाळाभर ते त्यानं केलं. छुक, छुक-छुक, छिकि-छुक. पहिल्या रविवारी मंडळींना हसण्यावाचून काही करता येईना, आणि रेव्हरंडांना 'नरकाची आग' म्हणताना दोनदा थांबावं लागलं. पण पुढे पुढे ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. पलीकडच्या बेटांवरून लोक बोटीनं मुद्दाम ऐकायला येऊ लागले. सकाळची भरड मात्र चुकली नाही. उजेडात न्हालेला मका भर उन्हाळ्यात पहिल्या दिवसासारखा राहिला, आणि ती दोनदा न्हालेली पिशवीसुद्धा आत्यानं वाया जाऊ दिली नाही. तिची भरड खाताना ती दर वेळी म्हणे, "जास्त आशीर्वादाची आहे हं ही."

खुळखुळ्यांतले दाणे पेरून परसात आणि सांदीकोपऱ्यात आलेल्या मक्यानं त्या साली डोळ्यांत भरावी अशी कणसं धरली. कापणीच्या सणाला एव्हलिना आत्यानं पहिले टपोरे दाणे निवडून पुन्हा खुळखुळे भरले. सायलसच्या ओठांना सुट्टी मिळाली. तसं त्याला थोडं वाईटही वाटलं. बियाण्याची कणसं आढ्याला लागली, आणि पुढे मका किरणघराकडे निघाला तेव्हा आत्या आढ्याखाली खुर्ची टाकून, काठी आडवी धरून, बोट सुटेपर्यंत बसून राहिली.

सणाला मंडळींनी डेल्फीनला मुद्दाम बोलावलं होतं. जेवणाआधी तिनं चार शब्द सांगावेत असा सगळ्यांचा आग्रह पडला. ती उभी राहिली, हसली, आणि म्हणाली, "खोलीतला दिवा मालवला की उजेड खोलीत..."

सायलसचा पाय हलला. टाच वर उचलली गेली, आणि फळीवर पडणार, एवढ्यात मर्टलनं त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुढचंही ऐक," ती कुजबुजली.

त्यानं ऐकलं. शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.